पहारेकऱ्याने विचारलं, "जेवलात का?"

क्रिसान्तो मागपान्ताय या सद्गृहस्थाने आयुष्यात एकदाच घुसखोरी केली, आणि तीही खाली स्वतःची सही करून.

सान गास्पार गावच्या पाणीपुरवठा मंडळात तो अकरा वर्षं कॉम्प्युटर सांभाळत होता. अकरा वर्षं म्हणजे दर सहा महिन्यांनी एक, अशी बावीस नेमणूकपत्रं. कायम माणसाला मंडळाचं हिरवं ओळखपत्र मिळे, वाढदिवसाला केक मिळे आणि दुपारी बारा वाजता कँटीनच्या लांब टेबलाशी हक्काची खुर्ची मिळे. हंगामी माणसाला त्या टेबलाशी बसायची बंदी होती असं मुळीच नाही. पण खुर्च्या सतरा आणि कायम माणसंही सतरा, त्यामुळे प्रश्नच उद्भवत नसे. क्रिसान्तोने सर्व्हरच्या कपाटामागे एक स्टूल टाकलं होतं. तिथे एसी छान लागतो, असं तो बायकोला सांगे.

यंदा मात्र अठरावी जागा मंजूर झाली. नेटवर्कच्या सुरक्षेसाठी एक कायम माणूस! मुलाखत महिनाअखेरच्या शुक्रवारी, संचालक मंडळासमोर. आणि त्याच सुमारास मंडळाने बान्ताय विकत घेतला.

बान्ताय म्हणजे पहारेकरी. हे सॉफ्टवेअर ऑफिसच्या नेटवर्कवर कोण आलं, कोण गेलं यावर नजर ठेवायचं. चारही पंपांच्या चाव्या त्याच्याच ताब्यात होत्या. ते इतकं भारी होतं, की महाव्यवस्थापक इंजिनियर व्हिलालुझबाईंना त्याच्याकडून एवढंसंच काम करून घेणं जिवावर आलं. "पैसे मोजलेत, तर हजेरीही तोच घेईल," असं त्यांनी फर्मान काढलं. तेव्हापासून सगळं ऑफिस रोज सकाळी बान्ताय उघडून आपापली हजेरी लावू लागलं. तिजोरीच्या खोलीत चपलांचं फडताळ ठेवण्यातलाच हा प्रकार होता. पण बाईंना हे सांगणार कोण? हंगामी माणूस तर नक्कीच नाही.

वायफायला जोडून घेताना बान्ताय प्रत्येकाला त्याच्या मोबाइलचं नाव विचारी आणि ते यादीत मांडी. इथे क्रिसान्तोच्या मनात पाल चुकचुकली. दारावरच्या पहारेकऱ्याने पाहुण्याला नाव विचारलं, पाहुणा म्हणाला, "माझं नाव तिजोरी-उघड," आणि पहारेकरी ते वहीत लिहिता लिहिता खरोखरच तिजोरी उघडून आला, तर? त्या धंद्यात या रोगाला क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग असं भारदस्त नाव आहे. रोग जुना, पण असल्या साध्या रोगाने खुद्द पहारेकऱ्याला पछाडावं ही गोष्ट जरा लाजिरवाणी होती.

तपासायची रीत सोपी. मोबाइलच्या नावाच्या जागी हुकमाची एक ओळ लिहायची: 'स्क्रीनवर एक चौकट उघड आणि त्यात अमुक मजकूर दाखव.' चौकट उघडली तर रोग आहे. जगभरचे जाणकार अशा वेळी चौकटीत नुसता एक आकडा टाकतात, नाहीतर 'तुम्ही लुटले गेलात' असं काहीतरी. क्रिसान्तोला आकडा फार तुसडा वाटला. आणि 'लुटले गेलात' हे चुकून व्हिलालुझ मॅमच्या स्क्रीनवर आलं तर? त्यांना रक्तदाबाचा त्रास. मग त्याने सान गास्पारमध्ये दारात आलेल्या कुणालाही जे विचारतात तेच लिहिलं: 'जेवलात का?'

एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण निनावी चिठ्ठ्यांनी त्या ऑफिसात पूर्वी दोन माणसांच्या बदल्या झाल्या होत्या, त्यामुळे बिनसहीचा मजकूर त्याच्या हातून लिहिला जाईना. त्याने खाली लिहिलं: 'क्रिसान्तो.'

बान्ताय उघडला. चौकट आली. क्रिसान्तो आनंदाने स्टुलावरून उठला, आणि उद्या सकाळी हेच पान सगळं ऑफिस उघडणार हे लक्षात येताच मटकन खाली बसला. मोबाइलचं नाव त्याने तातडीने बदललं, पण चौकट हटेना. बान्ताय जुनी नावंही जपून ठेवत होता आणि हजेरीचं पान सगळ्या इतिहासासकट उघडत होता. इतिहास पुसायचा तर कंपनीची परवानगी हवी. परवानगीला मॅमची शिफारस हवी, शिफारशीला कारण हवं, आणि कारण सांगायचं म्हणजे मॅमनी सही करून आणलेला पहारेकरी आजारी आहे हे मुलाखतीच्या तोंडावर मॅमनाच सांगायचं. न पुसलं तर नोंद दहा वर्षं राहणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोंदणी विभागातली आते रेमी कपाटामागे डोकावली. तिथे बाईला आते म्हणजे ताई आणि पुरुषाला कुया म्हणजे दादा म्हणायची रीत होती.

"कुया क्रिस, तू विचारलंस म्हणून सांगते हं. नाही जेवले. घाईत नुसती कॉफी घेतली."

"आते, ते मी... ती एक चाचणी होती."

"कसली चाचणी? तुझं नाव आहे की खाली!"

आता 'जेवलात का' असं आपणच विचारायचं, समोरच्याने 'नाही' म्हणायचं, आणि आपण नुसतं 'बरं' म्हणून तोंड फिरवायचं, हे क्रिसान्तोच्या सात पिढ्यांत कुणाला जमलेलं नव्हतं. त्याने डबा उघडला. केळीच्या पानात बांधलेले चिकट तांदळाचे दोन सुमान आणि एक उकडलेलं अंडं होतं. ते सगळं आते रेमीकडे गेलं. तिने अंड्याला मीठही मागितलं.

तिसऱ्या दिवशी चौघं आली. पाचव्या दिवशी खुद्द मॅम व्हिलालुझ यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. क्रिसान्तोने जाताना मनातल्या मनात निरोपाचं भाषण तयार केलं.

"क्रिसान्तो, इतकी वर्षं मी या खुर्चीत बसतेय," मॅम म्हणाल्या. "मशीन मला पासवर्ड विचारतं, सही विचारतं, माणसासारखं कधी काही विचारत नाही. छान केलंस."

"मॅम, खरं सांगायचं तर ते छान नाहीये. म्हणजे त्यात एक मोठं..."

"पुरे तुझा विनय. आणि हो, नाही जेवले मी. डॉक्टरांनी मीठ बंद केल्यापासून कँटीनचं घशाखाली उतरत नाही."

त्या दिवसापासून घरी बायको नेनिता दोन भांड्यांत स्वयंपाक करू लागली, एक सगळ्यांसाठी आणि एक बिनमिठाचं.

"एका मोबाइलच्या नावापायी मी सतरा माणसांचं रांधतेय, कळतंय का?" तिने उत्सवातलं मोठं पातेलं माळ्यावरून काढत विचारलं.

"नऊ माणसांचं," क्रिसान्तो म्हणाला.

"उरलेली आठ अजून लाजतायत म्हणून."

आठवडाभरात त्यांची लाज संपली.

क्रिसान्तो हातावर हात धरून बसला होता असं मात्र कुणी समजू नये. त्याने रीतसर अहवाल लिहिला, तीन प्रतींत. आपत्ती नोंदवायच्या छापील अर्जावर वादळ, पूर, भूकंप, आग आणि इतर असे पाच चौकोन होते. 'इतर'वर खूण केली की 'झालेले नुकसान' भरावं लागे. प्रामाणिक माणूस, काय भरणार? त्याने लिहिलं, 'अद्याप नाही.'

आते रेमीने शिक्का हवेतच थांबवला. "नुकसान नाही, तर ही आपत्ती कशी रे? मी हे कौतुकाच्या फाइलला लावू का?"

"आते, कृपा करा. ही तक्रार आहे!"

"कुणाबद्दल?"

"माझ्याच चौकटीबद्दल."

आते रेमीने त्याच्याकडे मायेने पाहिलं आणि अहवाल कौतुकाच्या फाइलला लावला.

मग त्याने थेट कंपनीकडे धाव घेतली. कंपनीच्या तक्रारपानावर सगळा रोग नीट समजावून लिहिला आणि नमुना म्हणून ती ओळही जशीच्या तशी डकवली. पण ज्यांनी बान्ताय बनवला, त्यांनीच ते तक्रारपानही बनवलं होतं. दुसऱ्या दिवशी मनिलाहून एका बाईचा फोन आला.

"आपणच क्रिसान्तो का? नाही हो, अजून नाही जेवले. इथे दोन वाजेपर्यंत जागचं हलता येत नाही. पण तुम्ही विचारलंत, सगळ्यांना फार बरं वाटलं."

"सगळ्यांना?"

"आम्ही चौदाजणी आहोत ना मदतकक्षात. सगळ्यांच्याच स्क्रीनवर आलं."

"बाई, तीच तर तक्रार आहे! चौकट उघडते!"

"उघडते ना, अगदी व्यवस्थित उघडते. मग तक्रार मिटली असं लिहू?"

आणि तिने तसं लिहिलंही. दोन दिवसांनी कंपनीचे अधिकारी लाकाम्ब्रा यांचं गुळगुळीत कागदावरचं पत्र आलं. मंडळाने सुचवलेली 'आपुलकी सुविधा' कंपनीला अतिशय आवडली असून पुढच्या आवृत्तीत ती सर्व ग्राहकांना देण्याचा विचार आहे, आणि शुक्रवारी संचालक मंडळासमोर आपण जातीने तिचं प्रात्यक्षिक दाखवू, असं त्यात होतं. पत्र मॅमच्या नावे होतं. त्यांनी त्याची प्रत फळ्यावर लावली.

हे एवढं पुरेसं नव्हतं म्हणून की काय, गुरुवारी क्रिसान्तो घरी निघाला तर मंडळाच्या फाटकासमोरच्या चौकात त्याचा फ्लेक्स लागलेला. 'हार्दिक अभिनंदन! क्रिसान्तो मागपान्ताय, कायम!' फोटो लग्नातला, सतरा वर्षांपूर्वीचा, भरघोस मिशांसकट. शेजारी वस्तीचे प्रमुख कापितान तोमास यांचा फोटो, त्याच्या दुप्पट. कापितान स्वतः शिडी धरून उभे होते.

"कापितान, मुलाखत उद्या आहे," क्रिसान्तो कसाबसा म्हणाला.

"ठाऊक आहे की! पण पुढच्या आठवड्यात नर्सिंगचा निकाल. फ्लेक्सवाल्याकडे पाय ठेवायला जागा मिळणार नाही. म्हटलं, तुझं आधीच उरकून घेऊ."

"आणि नाही झालं तर?"

"फ्लेक्स लागल्यावर कोण नाही म्हणेल?" कापितान म्हणाले. निवडणुका त्यांनी अशाच जिंकल्या होत्या.

समोरच्या दुकानातून आलिंग पासिंगने, म्हणजे पासिंगमावशीने, हाक मारली. वस्तीतल्या प्रत्येक घराची पावडर, साबण आणि भानगडी तिच्याच दुकानातून जात. क्रिसान्तोने पाण्याची बाटली मागितली आणि बाटलीबरोबर सल्लाही आला.

"ऐक माझं. सांता क्लाराला डझनभर अंडी वाहा."

"ती पाऊस येऊ नये म्हणून वाहतात, आलिंग."

"साहेबांची बैठक म्हणजे काय ऊन असतं का? आणि ते तुझं रोग-बिग काय आहे, त्याची उद्या वाच्यता करू नकोस. सगळं ऑफिस खूश आहे, बाई खूश आहे. आधी कायम हो, मग काय खरं बोलायचं ते बोल. कायम माणसाच्या खरेपणाला कुणी हात लावत नाही."

सल्ला इतका चोख होता, की क्रिसान्तोला त्यात काही खोट काढता येईना. घरी येऊन त्याने तो नेनिताला सांगितला. ती बिनमिठाच्या बांगुस माशाचे काटे काढत बसली होती.

"आणि तू गप्प बसलास तर काय होईल?" तिने विचारलं.

"काही नाही. म्हणजे मी जेवलात का विचारतो, तोवर काही नाही. पण माझ्या जागी दुसरा कुणी असला, तर तो मॅमच्या नावाने आत शिरेल आणि चारही पंप बंद करेल."

नेनिताचा हात थांबला. दोन वर्षांपूर्वीच्या वादळानंतर पाच दिवस गावात पाणी नव्हतं. तेव्हा तिची आई इस्पितळात होती आणि नेनिता बादल्या घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढत होती. क्रिसान्तोलाही ते आठवलं.

"मग तुला बोलावंच लागेल," ती म्हणाली. "फक्त एवढं कर, उद्याच्या दिवस नम्रपणा घरी ठेवून जा."

"जमेल मला?"

"नाही जमणार," नेनिता म्हणाली. तिने त्याला कधी खोटा धीर दिला नव्हता.

शुक्रवारी बैठकीच्या खोलीत पाचही संचालक बसले. अध्यक्ष आबेलेदा सर, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्यासमोर अजूनही प्रत्येकाला आपला गृहपाठ राहिलाय असं वाटे. लाकाम्ब्रा अत्तराच्या घमघमाटात उभे राहिले आणि मॅमच्या कॉम्प्युटरवरचा बान्ताय त्यांनी भिंतीवर मोठा करून दाखवला. चौकट उघडली. 'जेवलात का?' संचालकांनी टाळ्या वाजवल्या. एकजण म्हणाला, "हो, आत्ताच," आणि ओशाळून इकडेतिकडे पाहू लागला.

"ही आपुलकी आमच्या सुवर्ण योजनेत मिळते," लाकाम्ब्रा म्हणाले. "मूळ कल्पना आपल्याच या उमेदवाराची."

आबेलेदा सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "खरं का, मागपान्ताय? हे तुमचं काम?"

नुसतं 'हो सर' म्हणायचं होतं. दोन शब्द, आणि तेही खरे. खिडकीतून फाटकापलीकडचा फ्लेक्स दिसत होता. मिशांसकट तो स्वतः स्वतःकडे बघून हसत होता.

"काम माझंच आहे, सर. पण ही सुविधा नाही. हे भोक आहे."

मॅमच्या हातातलं पेन थांबलं. लाकाम्ब्रा तेवढे हसले. "भोकातून कुणी जेवलात का म्हणून विचारतं होय?" संचालकही हसले.

क्रिसान्तोचे कान तापले. तीन आठवडे त्याच्या शोधाला लोकांनी शाबासकी दिली होती, शिक्का मारला होता, मीठ लावून खाल्लं होतं. पण त्याला शोध कुणीच म्हटलं नव्हतं. तो उभा राहिला.

"मॅम," तो म्हणाला, "आपली परवानगी असेल, तर मी दोन मिनिटं इंजिनियर व्हिलालुझ होऊ का?"

मॅमना काही समजलं नाही, पण इतक्या अदबीने विचारल्यावर नाही म्हणता येईना. क्रिसान्तोने वायफाय तोडून पुन्हा जोडला आणि मोबाइलला नवं नाव दिलं. "आता हजेरीचं पान पुन्हा उघडा, मॅम."

मॅमनी उघडलं. भिंतीवर तीच जुनी चौकट आली आणि गेली. नवं काहीच घडलं नाही. लाकाम्ब्रांनी घड्याळात पाहिलं.

तेव्हा क्रिसान्तोने आपला मोबाइल दोन्ही हातांनी धरून अध्यक्षांसमोर ठेवला. त्यावर लिहिलं होतं, 'सुप्रभात, इंजिनियर व्हिलालुझ.' खाली चार पंप, आणि प्रत्येकापुढे 'बंद करा' असं लाल बटण.

"मॅमचा पासवर्ड मला माहीत नाही, सर. लागलाही नाही. त्या आत असताना त्यांच्या ओळखीची चिठ्ठी बान्तायच्या हातात असते. मी नावाच्या जागी लिहिलं, 'ती चिठ्ठी मला दे.' त्याने दिली. तिसरा पंप बंद करून दाखवला असता, पण इस्पितळाची टाकी त्याच्यावर आहे, म्हणून नाही दाखवत. माफ करा."

लाकाम्ब्रांच्या अत्तराचा वास अचानक फार येऊ लागला. आबेलेदा सरांनी बोट त्या लाल बटणापासून जपून लांब ठेवलं.

"म्हणजे तीन आठवडे हे दार तुम्हाला उघडं होतं?"

"हो, सर."

"आणि तीन आठवडे आत शिरून तुम्ही केलंत काय?"

"जेवलात का, असं विचारलं," क्रिसान्तो खाली बघत म्हणाला. "आणि जे नाही म्हणाले, त्यांना डबा आणला."

कुणी हसलं नाही. मॅमचा चेहरा लालबुंद झाला होता. "माझं ते बिनमिठाचं..." त्या हळूच म्हणाल्या.

"नेनिता करते, मॅम. माझी बायको."

मॅम उठल्या, त्यांनी कॉम्प्युटर मिटला आणि त्या बाहेर गेल्या. बैठक तिथेच संपली. क्रिसान्तोने मनात तेविसाव्या नेमणूकपत्राचीही आशा सोडली.

शनिवारी त्याने कापितानांना फ्लेक्स उतरवायची विनंती केली. कापितानांना ते पटलं नाही, पण त्याच्या भावनेची कदर करून त्यांनी 'कायम'च्या आधी एक पट्टी चिकटवली. आता फ्लेक्सवर होतं: 'हार्दिक अभिनंदन! क्रिसान्तो मागपान्ताय, लवकरच कायम!' रविवारी चर्चला जाताना तो मागच्या गल्लीने गेला.

सोमवारी सकाळी बान्ताय उघडला तर चौकट आली नाही. कंपनीने दोन दिवसांत भोक बुजवलं होतं. त्याची ती ओळ आता यादीत इतर नावांसारखी मुकाट पडून होती. ऑफिसभर सगळे हजेरी लावत होते आणि कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. कपाटामागे कुणी डोकावलं नाही. सवयीने आणलेलं मोठं पातेलं त्याच्या पायाशी तसंच होतं. रोग त्यानेच शोधला होता, त्यानेच बरा करवला होता, आणि आता त्याला चुटपुट लागली होती. अकरा वर्षांत तेच तीन आठवडे लोक त्याच्याकडे आपणहून आले होते.

बारा वाजता पावलं वाजली. मॅम व्हिलालुझ कपाटाला वळसा घालून आल्या. इथवर त्या पूर्वी कधी आल्या नव्हत्या. त्यांनी स्टूल पाहिलं, पातेलं पाहिलं.

"इथे बसून जेवतोस?"

"एसी छान लागतो, मॅम."

त्यांच्या हातात एक फाइल होती, वर मंडळाचं हिरवं ओळखपत्र चिमट्याने लावलेलं. क्रिसान्तोची नजर त्यावर खिळली. मॅमनी फाइल सर्व्हरच्या कपाटावर ठेवली.

"कागद नंतर. क्रिसान्तो, जेवलास का?"

तीन आठवड्यांच्या सवयीने त्याने क्षणभर चौकट मिटायचं बटण शोधलं. मग तो म्हणाला,

"नाही, मॅम. अजून नाही."

"मग चल. अठरावी खुर्ची मागवायची तर तीन प्रतींत अर्ज करावा लागेल," असं म्हणून मॅमनी त्याचं स्टूल स्वतः उचललं. पातेलं घेऊन तो मागोमाग गेला. लांब टेबलाशी सतरा जणांनी आपापल्या खुर्च्या थोड्या थोड्या सरकवल्या, आणि स्टूल बसेल एवढी जागा झाली. आते रेमीने आपल्या डब्यातलं उकडलेलं अंडं काढलं, सोललं आणि त्याच्या ताटात ठेवलं.